पेंटरला माणूस काही जमेना

माणूस हिंडता-फिरता असतो तोवर त्याचे किस्से गावभर विखुरलेले असतात. या ओट्यावर एक, त्या दुकानात दोन. तो गेला की लोक ते गोळा करतात आणि घरी आणून पोचवतात, कुणाची विसरलेली छत्री आणून द्यावी तसे. आमच्याकडे इतके आले की ठेवायचे कुठे, हा प्रश्न पडला. म्हणून कागदावर उतरवते आहे.

बातमी आली तो शनिवार होता. मी मुलींच्या शाळेत शिकवते; शनिवारी सकाळची शाळा. मी घरी येऊन ओटीवर वाल सोलत बसले होते. हे मुरबाडला गेले होते, एका भाताच्या गिरणीची पाटी रंगवायला. मुरबाडची सर्व्हिस मोटर आमच्या दारावरूनच जायची आणि ड्रायव्हर दगडू मला बघून नेहमी हॉर्न वाजवायचा. त्या दिवशी हॉर्न वाजला नाही, मोटर थांबली. दगडू उतरला. डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात घेतली.

"बाई," तो म्हणाला, "पेंटरांनी पाटी पुरी केली. शिडीवरनं उतरले, चहा मागितला. चहा येस्तवर..."

मी वालाचं भांडं आत नेऊन झाकून ठेवलं आणि यांच्या दुकानाशेजारच्या नाना शिंप्यांना बोलावणं धाडलं.

मग दहा-बारा दिवस माणसं येत राहिली. यायची, जरा वेळ जमिनीकडे बघत बसायची. मग कुणीतरी घसा साफ करून म्हणायचं, "पेंटरनं आमच्या घोडीचं काय केलं, ते ऐकलंय ना?" की झालं! एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू. मी पदर तोंडाला लावायची. माझे खांदे गदगदायचे. यांच्या आत्या माजघरातून म्हणायच्या, "रडू दे गो तिला. मोकळी होईल."

आत्यांना काय सांगणार, की मी हसते आहे!

* * *

हे तरुणपणी मुंबईला चित्रकला शिकायला गेले होते. मोठमोठ्या लोकांची पोर्ट्रेट काढायची, ती सोनेरी फ्रेममध्ये दिवाणखान्यात लागायची, असा बेत. वडील अंथरुणाला खिळले आणि शिक्षण अर्धवट टाकून शहापूरला यावं लागलं. बाजारपेठेत एक गाळा घेतला, दारावर स्वतःच्या हाताने झोकदार पाटी रंगवली: "येथे माणसांची हुबेहूब चित्रे काढून मिळतील."

यांना माणूस काढता येत नव्हता, असं कुणी म्हणू नये. नाक, डोळे, कान, मिशा सगळं जिथल्या तिथे असायचं. फक्त तो माणूस दुसराच कुणीतरी असायचा!

लग्नानंतर पहिलं चित्र यांनी माझंच काढलं. कॅनव्हास कुठला मिळायला? लाकडाच्या वखारीतून पातळ फळी आणली. शाळेतून आले की मी रोज नऊवारी नेसून, नथ घालून, हातात पुस्तक धरून खुर्चीत ताठ बसायची. चित्र झालं, भिंतीवर लागलं. दिवाळीला माझे वडील आले. त्यांनी चित्राकडे बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं. मग यांच्या जवळ सरकून हळूच विचारलं, "जावईबापू, या आपल्या कोण?"

हे म्हणाले, "लांबच्या नात्यातल्या आहेत."

वडील गावी गेल्यावर यांनी फळी उतरवली आणि तांदळाच्या कणगीवर झाकण म्हणून ठेवून दिली. म्हणाले, "एक दिवस असं काढीन, की रस्त्यावरचा माणूससुद्धा थांबून म्हणेल, अरे, या तर आपल्या बाई!"

ते गमतीत बोलत नव्हते. मला तेव्हाच कळलं की हे यांच्या मनाला लागलेलं आहे. मग दर गुढीपाडव्याला गुढी उभी राहिली की माझं नवं चित्र सुरू व्हायचं. आमच्या घरातली कणगी, रांजण, पिंप, लोणच्याच्या बरण्या सगळ्यांना झाकणं मिळाली!

* * *

भगवानशेटांचा किस्सा त्यांच्या मुनीमजींनीच सांगितला. त्यांनीच सांगायला हवा, कारण शेवटचा टोला त्यांचाच.

भगवानशेट म्हणजे कोळशाचे मोठे ठेकेदार. जंगलातल्या भट्ट्यांचा सगळा कोळसा त्यांच्या वखारीत यायचा. त्यांना दिवाणखान्यासाठी स्वतःचं चित्र हवं होतं. खुर्चीत बसलेले, हातात चांदीच्या मुठीची काठी, पायाशी त्यांचा लाडका कुत्रा टायगर. यांना वाटलं, उघडलं नशीब!

शेट खुर्चीत बसले की घोरायला लागत. टायगर मात्र शेवटपर्यंत फौजदारासारखा बसे.

चित्र बघायचा दिवस आला. शेट आले, मुनीमजी आले, टायगर आला. यांनी फळीवरचं फडकं काढलं. टायगर दोन पावलं पुढे झाला, चित्रातल्या कुत्र्याकडे बघून गुरगुरला, भुंकला आणि थेट अंगावर गेला! त्याला आवरायला दोघं लागले. हे तर हवेतच.

"वा, पेंटर!" शेट म्हणाले. "टायगर म्हणजे टायगरच! पण माझ्या खुर्चीवर हा कोण येऊन बसलाय?"

मुनीमजी नोकरी सांभाळणारे. त्यांनी वाकून चित्र नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "शेट, पाय मात्र तुमचेच हायत!"

खरंच होतं ते. पंपशू, धोतराचा काठ, उजवं पाऊल जरा बाहेर टाकायची सवय, सगळं हुबेहूब. शेट व्यवहारी माणूस. त्यांनी फळी सुताराकडे नेली, करवतीने मधोमध कापली आणि खालचा अर्धा भाग तेवढा फ्रेम करून घेतला. तो अजून त्यांच्या दिवाणखान्यात आहे. टायगर आणि शेटचे पाय. नवीन माणूस आत आला की कुणीतरी महाराज असतील म्हणून पायांना नमस्कार करतो!

वरचा अर्धा भाग हे घरी घेऊन आले. पाण्याच्या पिंपाला बरोबर बसला.

* * *

टायगरमुळे यांचं नाव झालं, पण भलत्याच बाजूने. माणसं येईनात, जनावरं यायला लागली.

आमच्या गाळ्याला लागून नानांचं शिलाई मशीन. नाना अंगाने हडकुळे, जीभ कात्रीपेक्षा धारदार. त्यांनी कपडे बेतायचा खडू घेतला, पाटीवरच्या 'माणसांची'वर काट मारली आणि वर लिहिलं, 'जनावरांची'. हे रोज सकाळी ओल्या फडक्याने ते पुसायचे. दुपारी हे जेवायला घरी आले की नाना परत लिहायचे. कित्येक वर्षं हे चाललं. दोघांनीही एकमेकांजवळ त्याचा विषय काढला नाही!

* * *

सापगावच्या पाटलांचा हरण्या बैल शर्यतीत नाव काढून होता. पाटील दुकानात आले ते हुकूमच सोडत.

"पेंटर, आमच्या हरण्याला काढा. पन एक सांगतो. भोवरे सगळे जिथल्या तिथं पायजेत. एक इकडचा तिकडं व्हायला नाय पायजे."

बैलाच्या अंगावर केसांचे भोवरे असतात. कुठला भोवरा घराला लाभतो आणि कुठला बाधतो, याचं शास्त्र आमच्या भागात लहान पोरांनाही पाठ. म्हसा गावच्या जत्रेत बैल घेताना लोक दात नंतर बघतात, भोवरे आधी. हे सापगावला गोठ्यात मुक्काम ठोकून बसले आणि भोवरा न् भोवरा मोजून उतरवला. चित्र पाटलांच्या ओटीवर लागलं. सगळा गाव बघून गेला.

तिथेच पाटलीणबाईंच्या काळजात धस्स झालं. एवढ्या लोकांनी बघितलं, दृष्ट लागली तर? त्यांनी अंगठ्यावर काजळ घेतलं आणि चित्रातल्या हरण्याच्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, तीट लावली. तेलरंग वाळायला किती दिवस लागतात हे त्यांना कोण सांगणार? अंगठा रंगात रुतला. त्यांनी तो गोल फिरवून अलगद काढला.

डोळ्याखाली भोवरा झाला! आणि डोळ्याखालचा भोवरा म्हणजे घरात रडारड आणणारा, सगळ्यांत वाईट.

पुढच्याच आठवड्यात पाटलांच्या मुलीला बघायला मुरबाडकडची मंडळी आली. ओटीवर बसली. पोहे खाल्ले, मुलगी बघितली, चित्रही बघितलं. मग मध्यस्थाकडून निरोप आला: "मुलगी पसंत आहे. पण असला बैल दावणीला बांधणाऱ्या घरात सोयरीक नको."

पाटलांनी मध्यस्थाला दंडाला धरून गोठ्यात नेलं. हरण्याचा गाल दाखवला. "हाय का रं हितं भोवरा? हाय का? हात लावून बघ!"

मध्यस्थाने हात लावून बघितला. म्हणाला, "डोल्यांना तर नाय दिसत, पाटील. पन पेंटरनं बघितल्याशिवाय काढला काय?"

यांना तातडीने बोलावणं आलं. भोवरा पुसायला जावं तर खालचा रंग खरवडतोय. यांनी युक्ती केली आणि त्या जागी एक लाल गोंडा रंगवून टाकला. दुसरी मंडळी मुलगी बघायला आली. त्यातले म्हातारे बराच वेळ गोंड्याकडे बघत होते. "गोंडा शिंगाला बांधतात," ते शेवटी म्हणाले. "गालावर बांधलाय, म्हंजी खाली काय झाकलंय?"

पाटलीणबाईंनी अन्नपाणी सोडलं. मुलगी रडायला लागली. भोवऱ्याने सांगितल्याप्रमाणे घरात रडारड सुरू झाली! मग पाटलांनी चित्र उतरवून माळ्यावर टाकलं आणि पहिल्या मंडळींना निरोप धाडला: "बैल विकला."

लग्न ठरलं. वऱ्हाड आलं. वरबाप मांडवातून पाय मोकळे करायला म्हणून गोठ्याकडे गेले. दावणीला हरण्या उभा होता. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, चहूबाजूंनी निरखलं आणि पाटलांना म्हणाले, "व्याही, हा नवा बैल झकास घेतलात!"

* * *

डॉक्टरीणबाईंच्या सोनीचा किस्सा छोटा आहे, पण तो मी कुणालाच सांगू देत नसे. आता डॉक्टरांची बदली झाली, हरकत नाही.

सोनी मांजर. मांजर कुठे एका जागी बसतं? डॉक्टरीणबाई सोवळ्यातल्या; कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. त्या मांजर दुकानात ठेवून देवळात गेल्या की हे खिशातून सुका बोंबील काढायचे आणि दोरीने फळीच्या वर टांगायचे. सोनी मान वर करून, डोळे मोठे करून, पुढचे पंजे जुळवून जी बसायची ती हलायची नाही.

चित्र बघून डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय भक्तिभाव आहे हो सोनीच्या नजरेत! साक्षात परमेश्वराकडेच बघते आहे!"

पलीकडे नानांचं मशीन एकदम थांबलं. मला वाटलं, आता नाना सगळं सांगणार. पण नाना खोकले आणि मशीन परत सुरू झालं.

ते चित्र देवघराशेजारी लागलं. सोनी दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे राहायला आली.

* * *

स्टेशनपासून गावापर्यंत टांगा चालवणारा गणपत. त्याला टांग्याच्या पाठीमागे आपल्या चंपा घोडीचं चित्र हवं होतं. चंपाच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी तिची तब्येत.

"पेंटर, जरा अंगानं भरलेली काढा."

यांनी जरा भरली.

"अजून थोडी, पेंटर. पोटाकडनं."

यांनी पोट भरलं.

"मानंला पन घ्या. आन् शेपटी झुबकेदार!"

असं करत करत चंपा संस्थानिकाच्या पागेतली झाली. गणपत खूश होऊन टांगा घेऊन स्टेशनवर गेला. गाडी आली, पॅसेंजर उतरले. एक मुंबईचा व्यापारी टांग्याला वळसा घालून मागे आला, चित्र बघितलं, पुढे गेला, चंपाला बघितलं, आणि परत मागे आला.

"मी थांबतो," तो गणपतला म्हणाला. "तू ती घोडी जोडून आण!"

गणपत भांडायला दुकानात आला, तेव्हा नानांनी त्याला चांगला सल्ला दिला: "चंपाला रोज चित्राम्होरं उभी कर. म्हनावं, बघ, असं व्हायचंय!"

* * *

लढाई सुरू झाली आणि मुंबईहून रंग यायचे बंद झाले. पांढरा तर डोळ्यांना दिसेना. काजळी आणि गेरू घरचेच, तेवढ्यावर दुकान चाललं. हे सगळ्यांना सांगायचे, "काळी जनावरं आणा, नाहीतर तांबडी." म्हशींचा धंदा जोरात होता.

नेमकं त्याच वेळी जोशीबुवांना आपल्या गाईचं चित्र हवं झालं. गाय पांढरीशुभ्र. बुवा ऐकायला तयार नाहीत. मग यांनी काढली. आभाळ गडद, झाडं काळी, गोठा काळा आणि मध्ये गाईच्या आकाराचं काहीतरी करडं.

"हे काय?" बुवा म्हणाले.

"संध्याकाळची गाय आहे, बुवा. दिवेलागणीची."

बुवांनी चित्र लांब धरून बघितलं. "मग सकाळची कधी मिळेल?"

"इंग्रज जिंकले की."

नेमके फौजदारसाहेब नानांकडे कोटाचं माप द्यायला उभे होते. त्यांनी मान वळवली. "आणि जर्मन जिंकले तर, पेंटर?"

"तर मग गाय संध्याकाळचीच राहील, साहेब," हे म्हणाले. फौजदार हसले म्हणून बरं!

त्या वर्षांत पाडव्याला माझं चित्र झालं नाही. पांढऱ्याशिवाय बायकोचा चेहरा काढायला बसलो तर घरी जेवायला मिळणार नाही, असं हे सगळ्यांना सांगायचे. पण गुढी उतरवताना यांचा चेहरा पडलेला असे. केस पिकायला लागले होते. बाजारातली मंडळी हाक मारून विचारायची, "काय पेंटर, माणूस जमला का?" हे हसून हात हलवायचे. घरी आले की कणगीवरची फळी उचलून उजेडात धरायचे, बघायचे आणि परत उलटी ठेवायचे.

रंग परत मिळायला लागल्यावर एक चित्र झालं. यांनी नानांना घरी बोलावून दाखवलं. नाना खूप वेळ बघत राहिले. मग अगदी मनापासून म्हणाले, "सुरेख हाय. आमच्या पेणच्या मावशीला दाखवायला पायजे. तिला वाटंल, हिला कवा काढलं!"

* * *

आणि बायजाचं.

बायजा शेणवे गावापलीकडच्या पाड्यावरची. भात लावणीला, झोडणीला दुसऱ्याच्या शेतावर जायची, एरवी बाजारच्या दिवशी लाकडाची मोळी विकायला शहापूरला यायची. नवरा नाही, मूल नाही. तिने दुकानासमोर मोळी टाकली आणि ती यांना म्हणाली, "पेंटर, माजी पिंगळी काढ."

"पिंगळी कोण?"

"बकरी माजी."

"घेऊन ये. बघून काढतो."

"कुठून आनू? वाघानं नेली तिला."

यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "बायजा, मी बघितल्याशिवाय काढत नाही. काढूच शकत नाही. ती कशी होती ते मला काय ठाऊक?"

"मला हाय ना ठावं," बायजा म्हणाली. "तू माज्याकडं बघ."

आणि ती भर बाजारात दुकानाच्या पायरीवर बकरी होऊन बसली!

पदराचं एक टोक कानावरून खाली सोडलं. पिंगळीचा डावा कान लोंबता होता म्हणे. खालचा जबडा आडवा फिरवत रवंथ करायला लागली. मान तिरपी करून, कुणाचं लक्ष नाही ना असं बघितलं, आणि नानांच्या मशीनवर लोंबणारी मापाची टेप तोंडात धरून ओढली!

"ए, सोड! सोड गो!" नाना ओरडले. बाजार हसत सुटला. पोरं गोळा झाली. मी शाळेतून येत होते, मीही थांबले.

बायजाला कुणाचं काही नव्हतं. ती दाखवत राहिली. पिंगळी पाऊस आला की कशी अंग चोरते. करडू मेलं तेव्हा दोन दिवस कशी दाराकडे तोंड करून उभी होती. आणि संध्याकाळी बायजा कामावरून पाड्याकडे चढायला लागली की लांबूनच पावलं ओळखून कशी मान उंचावते. ते दाखवताना तिने मान वर केली आणि रस्त्याच्या टोकाकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. तरी दोन-तीन जणांनी वळून बघितलं.

हसणं केव्हाच थांबलं होतं. आणि यांचा ब्रश चालायला लागला होता.

पुढचे काही बाजार बायजा येत राहिली. मोळी टाकायची, बकरी व्हायची, आणि यांनी मान हलवली की उठून मीठ-मिरची घेऊन पाड्यावर जायची. कुणी चेष्टा केलेली मी ऐकली नाही. नाना तर टेप तिच्या बाजूलाच सोडून ठेवत.

चित्र पुरं झालं त्या दिवशी दुकानापुढे ही गर्दी. यांनी फळी बाहेर आणून भिंतीला टेकवली. बकरी होती. शिंगं, दाढी, लोंबता कान, तांबूस पाठ, चार पाय. माणसाचं त्यात काही म्हणजे काही नव्हतं.

गर्दीत एक भाजीवाला होता, पलीकडच्या गावचा. त्याने मान वर करून बघितलं आणि तो ओरडला, "अरे, ही तर मोळीवाली बायजा!"

"बायजाच रे!"

"बायजाच हाय! अगदी तीच!"

मी बघितलं. कसं ते मला सांगता येणार नाही. बकरीच होती, आणि बायजा होती. नाना मशीनवरून उठून आले. कात्री हातातच होती. त्यांनी बघितलं, यांच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "पेंटर, जमला."

बायजा मात्र भडकली! "डोले फुटले काय रे तुमचे? कोन बायजा? ही पिंगळी हाय माजी!" तिने बोटाने बकरीचं नाक पुसल्यासारखं केलं. "हीच. अगदी हीच ती. नाय गो?" हे तिने चित्राला विचारलं. मग चुंबळ नीट केली, मोळी उतरवून रिकाम्या झालेल्या डोक्यावर फळी आडवी ठेवली आणि बाजारातून शेणव्याच्या रस्त्याला लागली. मोळी आमच्या दारात ठेवून गेली. बऱ्याच लांबपर्यंत ती बकरी लोकांच्या डोक्यांवरून जाताना दिसत होती.

संध्याकाळी आम्ही दोघं ओटीवर बसलो होतो. यांनी चहा अर्धाच प्यायला.

"या पाडव्याला," हे म्हणाले, "तू खुर्चीत बसू नकोस."

"मग?"

"कुणाची तरी नक्कल कर."

"कुणाची?"

"कुणाचीही. गाय हो, चिमणी हो, मांजर हो. ते तुझं तू ठरव. मला फक्त आधी सांग, म्हणजे तेवढी मोठी फळी आणायला बरी."

मी हसले. म्हटलं, "अहो, शाळेतल्या मुलींनी बघितलं तर काय म्हणतील! बाई चिमणी झाल्या!"

"दार लावून घेऊ."

"आणि म्हैस झाले तर?"

"तर जोडफळी लागेल," हे गंभीरपणे म्हणाले. मग म्हणाले, "चेष्टा नको करूस. ठरव नीट."

"विचार करून सांगते," मी म्हटलं.

मी खरंच विचार करत होते. फळ्यावर बेरजा लिहिताना, भात शिजताना, वेण्या घालताना. चिमणी या वयात शोभली नसती. मांजराला एका जागी बसवायचं म्हणजे परत बोंबील आला. गाय व्हावं, तर मी गाईसारखी आहे असं यांच्या आत्यासुद्धा म्हणणार नाहीत.

पाडव्याआधीच तो शनिवार आला. कोण व्हायचं, ते ठरवायचं राहिलं.